यादीतल्या ज्या आल्याच नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावांत १८ ते ४९ वयाच्या बायकांचा आहार आणि रक्तक्षय यावर एका विद्यार्थिनीचं प्रबंधाचं काम सुरू आहे. आशाताईंकडून ४० नावं मिळाली, सकाळी अकराला उपकेंद्रात बोलावलं, ११ जणी आल्या. त्यांत कोळीवाड्यातली एक, बौद्धवाडीतल्या दोन, कातकरवाडीतली एकही नाही. ती विचारते, ‘जाणीवजागृती कमी पडते का? काही भेटवस्तू ठेवली तर येतील का?’

जाणीवजागृतीचा इथे संबंध नाही, आणि भेटवस्तूचं मी खाली सांगते. तुमचा घोळ वेळेचा, जागेचा आणि यादीचा आहे. अकरा वाजता उपकेंद्रात येऊ शकणारी बाई म्हणजे जिच्या घरी पाणी भरणारं दुसरं कोणी आहे आणि जिचा त्या दिवसाचा रोज बुडत नाही, ती. तिच्या आहाराबद्दल आपल्याला तशीही बरीच माहिती असते. तुम्हाला हवी आहे ती त्या वेळी कुठेतरी राबत होती.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागून शिकले म्हणून सांगते. माझ्या अगदी पहिल्या कामात आम्ही रक्ततपासणी देवळाच्या सभामंडपात ठेवली होती. सावली, पंखे, पाण्याची सोय, सगळं उत्तम. सरपंचांनी स्वतः जागा दिली म्हणून आम्ही खूश. दोन दिवसांत बौद्धवाडीतलं कोणी फिरकलं नाही आणि आम्ही वहीत ‘प्रतिसाद नाही’ असं लिहून मोकळे झालो. तिसऱ्या दिवशी वाडीतल्या एका आजींनी रस्त्यातच सांगितलं, “त्या मंडपात आमी कधी पाय ठेवलेला नाय, आता सुई टोचून घ्यायला येऊ व्हय?” जागा आम्ही निवडली होती आणि प्रतिसाद नसल्याचा शिक्का त्यांच्यावर मारला होता. दुसऱ्या फेरीत बुद्धविहारात बसलो आणि दुपारपर्यंत किट कमी पडली.

तेव्हा आधी यादी. आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याशिवाय तुमचं पान हलणार नाही हे खरं, पण त्यांच्या नोंदवह्या कशासाठी असतात ते लक्षात घ्या. अंगणवाडीच्या वहीत गरोदर, स्तनदा, किशोरी आणि लहान मुलं ठळक असतात. पस्तीशी-चाळिशीची, मुलं मोठी झालेली बाई त्या वहीतून हळूहळू पुसट होते. नवऱ्याने टाकलेली, माहेरी भावाच्या पडवीत राहणारी बाई तर दोन्ही गावांच्या यादीतून निसटते. बचत गटाची यादी आणखी फसवी, कारण जिला दरमहा शंभर-दोनशे टाकता येत नाहीत ती गटात नसतेच. असे बचत गट बांधणाऱ्या उमेद अभियानाच्या किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) सहयोगिनींची मदत जरूर घ्या, फक्त त्या यादीला ‘गरीब महिलांची यादी’ समजू नका.

कोकणातलं गाव म्हणजे एक वस्ती नसतेच. खारवीवाडी, कोळीवाडा, मोहल्ला, कुणबीवाडी, बौद्धवाडी, वर डोंगरात धनगरवाडी, कुठे ओढ्याच्या कडेला कातकऱ्यांची दहा घरं. प्रत्येक वाडीचा नकाशा हाताने काढा आणि घरं स्वतः मोजा. दोन दिवस जातात, पण त्या दोन दिवसांत निम्मी भरती होऊन जाते, कारण तुम्ही उन्हातून चालत आलेल्या दिसता. शिवाय गावाच्या कुठल्याच वाडीत न मोजलेल्या बायका त्या फेरीत सापडतात. आंब्याच्या बागेत राखणदारी करणाऱ्या नेपाळी कुटुंबातली बाई, चिरेखाणीवरची कर्नाटकातून आलेली बाई. या ‘आमच्या गावच्या नव्हेत’ म्हणून आशाताई नाव देत नाहीत. त्यांना अभ्यासात घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण ठरवून ठेवा. न दिसल्यामुळे वगळल्या जाऊ देऊ नका.

आता वेळ. किनाऱ्यावर काम करताना घड्याळापेक्षा पंचांग जास्त कामाला येतं, हे मला एका कालवं काढणाऱ्या बाईने शिकवलं. मी तिला विचारलं, “बुधवारी दुपारी याल का?” ती म्हणाली, “बुधवारी काय तिथ आहे?” मला काही उत्तर देता येईना. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणायचं, की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सहाच्या सुमाराला भरती. म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. त्या दिवशी भर दुपारी बायका खाडीत तिसऱ्या आणि मुळे ही शिंपली वेचायला किंवा कातळावर कालवं फोडायला असणार. पौर्णिमा-अमावास्येला उलट, भरती दुपारी आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. तेही उधाणाचं पाणी, फार आत ओसरतं, त्यामुळे त्या ओहोटीला घरात कोणी सापडत नाही; पण दुपारी मात्र निवांत भेटतात. मी तेव्हापासून भेटीचं वेळापत्रक कालनिर्णयावरच लिहिते. हे करायला कुठलीही परवानगी लागत नाही आणि एका झटक्यात गळती कमी होते.

मासळी विकणारीचं गणित वेगळं. हर्णैसारख्या बंदरावर लिलाव संध्याकाळी होतो. तिथे वही उघडून उभ्या राहिलात तर शिव्या खाल, आणि त्या योग्यच असतील, कारण त्या तासाभरावर तिचा दुसरा दिवस ठरतो. सकाळी ती पाटी घेऊन टेम्पोने किंवा एसटीने बाजाराला जाते. हाताशी येते ती दुपारी दोन-अडीचनंतर, सुकत घातलेल्या मासळीजवळ, कावळे हाकलत. तिथेच खाली बसा. मुलाखत घरातच झाली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. काजूच्या कारखान्यातल्या बायकांना किलोवर पैसे मिळतात, त्यामुळे मधल्या सुट्टीच्या अर्ध्या तासाशिवाय दुसरी वेळ मागूच नका, आणि मालकाला मध्ये घालून तर मुळीच नको. मालकाने ‘बसा गं सगळ्या’ म्हटलं की ती संमती राहत नाही.

वर्षाचं चक्रही बघा. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. त्या काळात कोळीवाड्यातल्या बायका घरी भेटतात, म्हणून विद्यार्थ्यांना तोच काळ सोयीचा वाटतो. पण तेव्हा ताटात ताजी मासळी नसते; सुकट, सोडे, खारे बांगडे, कुळथाची पिठी असते. लगेच पुढे श्रावण, त्यात अनेक घरांत तेही बंद. त्याच दिवसांत कुणबी आणि बौद्धवाडीतल्या बायका लावणीला चिखलात असतात, सकाळी पेज पिऊन जातात त्या अंधार पडताना येतात. गणपतीत चाकरमानी घरी, ताटात मोदक आणि घरात वीस माणसं, शिमग्यात पालखी, मोहल्ल्यात रमजान. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ‘जानेवारी ते मार्च माहितीसंकलन’ असं कागदावर लिहिलंत तर कातकरवाडी आपोआप बाद झाली. एक तर दोन हंगामांत जा किंवा भट्टीवर जा. मी भट्टीवर गेले आहे. मुकादमाशी बोलायला अर्धा दिवस गेला, पण बायकांशी बोलणं सोपं गेलं, कारण विचारायला दुसरं कोणी येतच नाही तिथे.

रक्ताचं. आहाराचे प्रश्न कोणालाही चालतात, सुई म्हटली की दार लोटलं जातं. “आमचं रगात घेऊन करता काय तुमी?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. माझ्या एका वाडीत आमच्याआधी कोणीतरी येऊन नसेतून रक्त घेऊन गेलं होतं आणि परत तोंड दाखवलं नव्हतं. बायकांना आकडा कळला नाही, गोळी मिळाली नाही. पुढे येणाऱ्या प्रत्येकाने ते कर्ज फेडायचं असतं. म्हणून आम्ही नियम केला: बोटातून थेंब घ्यायचा असेल तर यंत्रावरचा आकडा तिथेच, तिला एकटीला, कागदावर लिहून द्यायचा. नसेतून घेणार असाल तर किती ते चमच्याने दाखवायचं, बाटली दाखवून नाही. आणि अहवाल कोण, कुठल्या आठवड्यात आणून देणार ते त्याच दिवशी सांगायचं. गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र. अशी बाई सापडली तर तिला चिठ्ठी देऊन ‘प्राथमिक आरोग्य केंद्रात जा’ म्हणणं पुरेसं नाही. केंद्रातल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, कोणत्या वारी पाठवायचं ते ठरवा, रिक्षाचे पैसे अंदाजपत्रकात धरा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे; २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५४.२ टक्के आला. म्हणजे तुमच्या चाळिसातल्या वीस-बावीस जणींना काहीतरी सांगावं लागणारच आहे. ती तयारी नसेल तर सुई बाहेर काढू नका.

संमतीपत्राचं मी एवढंच म्हणेन की ते आधी मोठ्याने वाचून बघा. ‘सहभागी व्यक्तीच्या माहितीची गोपनीयता अबाधित राखली जाईल’ हे वाक्य ऐकून कोणती बाई काय समजेल? ‘तुमी काय खाता ते तुमच्या सासूला, सरपंचाला, कोणाला सांगणार नाय’ असं म्हटलं की हसते आणि सैल होते. वाचून झाल्यावर तिलाच सांगायला लावा की आपण काय करणार आहोत. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी तुमच्या गटाबाहेरचा, वाचता येणारा साक्षीदार हवा, हे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यात हेही आहे की सरपंचांची किंवा नवऱ्याची परवानगी म्हणजे तिची संमती नव्हे. गावकीला विचारून वाडीत शिरा, रीत म्हणून ते बरोबरच, पण सही तिची. आणि एक सांगते, शाईचा पॅड कोणापुढेही आपणहून सरकवू नका. वाचता न येणाऱ्या पुष्कळ बायका सही शिकलेल्या आहेत आणि त्यांना तिचा अभिमान आहे.

सासूचा प्रश्न सगळ्यांनाच येतो. पडवीत मुलाखत सुरू झाली की सासू शेजारी येऊन बसते आणि सुनेच्या आधी उत्तर देते: “खाते की सगळं, काय कमी आहे?” तिला उठवता येत नाही, उठवूही नये. यावर आमचा तोडगा म्हणजे जोडीने जायचं. एकजण सुनेशी, दुसरी सासूकडून परसातल्या अळवाची नाहीतर सुक्या मासळीच्या साठवणीची माहिती घ्यायला मागच्या दारी. ही माहिती खरोखर लिहून घ्या, नाटक नको. सासूला जितकं ठाऊक असतं तितकं सुनेला नसतं. मशेरीचा प्रश्न मात्र दोघींपैकी कोणालाही दुसरीसमोर विचारू नका, आणि अगदी शेवटी विचारा. भूक मारायला मशेरी लावणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या, पण पहिल्या भेटीत कबूल करणारी क्वचित.

आता तुम्ही न विचारलेलं, पण ज्यावर सगळं अवलंबून आहे ते: बाई मिळाली, बसली, तरी ती खरं सांगतेच असं नाही. चोवीस तासांच्या आठवणीची पद्धत वापरताय असं दिसतं. ‘काल काय जेवलात?’ असं विचारलंत की उत्तर ठरलेलं, “काय नाय, भात नि कालवण.” अशाच एका घरी मी जेवणाबद्दल न विचारता दिवस विचारत गेले. चूल कधी पेटवली? मग चहा, त्यात बुडवून दोन बटर. पाणी भरून आल्यावर? वाटीभर पेज, सोबत भाजलेल्या सुकटाची चिमूट. बाजारात? उभ्याउभ्या वडापाव, तोही अर्धा नातवाला. दुपारी भाकरी आणि बांगड्याचं कालवण. इथे मी तिला टोप दाखवायला सांगितला. सहा माणसांत तीन बांगडे. मधल्या तुकड्या पुरुषांना आणि पोरांना, तिच्या ताटात डोकं, शेपटी आणि पाणी. आपल्या छापील चित्रांच्या तक्त्यात ‘माशाचा एक तुकडा’ म्हणून जे दाखवलेलं असतं तो नेमका तिच्या वाट्याला न आलेला तुकडा. तिने बोट ठेवलं असतं त्याच चित्रावर, कारण दुसरं चित्रच नव्हतं. रात्री पोरांच्या ताटातलं उरलेलं आणि टोपाच्या तळाचा भात. यातलं अर्धं ती जेवणात धरतच नव्हती.

म्हणून तिचीच पळी, तिचीच वाटी घ्या आणि पाण्याने भरून मापून काढा. भाकरी काट्यावर ठेवा. आधी टोपात काय गेलं ते लिहा, मग तिच्या वाट्याला किती आलं ते. जेवणावर लगेच चहा घेतला का हे विचारा, कारण चहाने लोह शोषलं जायचं कमी होतं. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं अशी २०२० ची शिफारस आहे, पुरुषाला १९. कालवणातला तुकडा चुकीचा धरला तर तुमचं अख्खं गणित गोडगोड निघेल. रानभाज्यांची नावं दर दहा मैलांवर बदलतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी ही नावं ऐकून लिहू नका, पान हातात घेऊन फोटो काढा आणि वनस्पतिशास्त्रीय नावाने अन्नघटक तक्त्यात शोधा.

कातकरवाडीत आणखी एक गाठ असते. तिथल्या बायकांना त्यांच्या खाण्यावरून शाळेपासून दवाखान्यापर्यंत हिणवलं गेलंय. खेकडे, ओढ्यातले मासे, कंद, शेतातले उंदीर हे सगळं त्या खातात आणि पोषणाच्या हिशेबात त्यात काही वावगं नाही. पण वहीवाल्या बाईला त्या ‘डाळभात’ सांगतात. माझ्या बरोबरची एक मुलगी उंदराचं नाव ऐकून नुसती जरा मागे सरली. बस, पुढच्या चार घरांत सगळ्यांनी डाळभात खाल्ला होता. आता मी त्या वाडीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी शोधते, तिला पंधरा दिवस शिकवते आणि प्रश्न तिला विचारू देते. मी बाजूला बसून वजनं करते.

पैशाचं. या मुलीला रोजाने पैसे द्या. एका बाईमागे इतके असे कधीही नकोत. मग ती मैत्रिणी आणि भावकी आणते आणि चाळीस बायकांत आडनावं तीनच निघतात. सहभागी बाईला बुडालेला रोज आणि प्रवासखर्च देणं योग्यच आहे, पण ती रक्कम नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घ्या आणि वाडीत उघड सांगा. तिच्या मनाविरुद्ध तिला ‘हो’ म्हणावंसं वाटेल इतकी ती मोठी नको. भेटवस्तू द्यायचीच तर सगळं संपल्यावर, आणि खाण्याची नको. एका कामात उत्साहाने आम्ही पहिल्या भेटीला चिक्कीची पाकिटं वाटली. दुसऱ्या भेटीच्या नोंदींत घरोघरी शेंगदाणे आणि गूळ! मार्गदर्शकांनी विचारलं, हा कुठला सण?

दुसऱ्या भेटीला बायका गळतात त्याचं कारण बहुधा फोन. वहीत तिच्या नावापुढे असलेला नंबर नवऱ्याचा किंवा मुंबईतल्या मुलाचा असतो, आणि रेंज वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, गेल्याशिवाय नाही. फोनवर विसंबू नका. निघताना पुढची तिथी ठरवा, शेजारणीलाही सांगून ठेवा.

आणि नकारांची वेगळी वही ठेवा. कोण, कुठल्या वाडीतली, का नाही म्हणाली, की भेटलीच नाही. प्रबंधात परीक्षक हे विचारतील, पण त्याआधी ती तुमच्याच उपयोगाची आहे. आत्ता तुमच्याकडे अशा २९ नावांची यादी तयार आहे. त्या बायकांना पुन्हा बोलावू नका. एकेकीच्या दारात जा आणि ‘त्या दिवशी अकराला कुठे होतात?’ एवढंच विचारा. पुढची अष्टमी कधी आहे ते पाहून जा. त्या दिवशी दुपारी गेलात तर दार बंद असेल.